धाकटीचा दस्ता

फर्नसाठी पहिली रायफल मी निवडणार आणि ती चुकणार नाही, हे मी जानेवारीतच जाहीर करून टाकलं होतं. यात बढाई नव्हती. अर्धं आयुष्य मी दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलंय. टँकरभर दुधात कोणी बादलीभर पाणी घातलं तर मला कळतं. मग माझ्याच बारा वर्षांच्या मुलीचा खांदा किती धक्का सोसेल, एवढं मला कळू नये?

अडचण एकच होती. आमच्या साउथलंडात, पृथ्वीच्या पार दक्षिणेला, वायाऊ नदीच्या काठाला, रायफलीबद्दल मत नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. शाळेच्या बसचा ड्रायव्हर फर्नला उतरवताना मला काच खाली करायला लावायचा आणि काडतुसांवर बोलायचा. मागे अख्खी बस खोळंबलेली.

सगळ्यात मोठ्या आवाजातलं मत माझ्या भावाचं, लॅकीचं.

"ताई, सरळ तीनशे आठ कॅलिबरची घे," तो म्हणाला. "वाढत्या अंगाची घ्यावी. पुढची दहा वर्षं बघायला नको."

"ती रायफल आहे लॅकी. शाळेचा कोट नाही."

"कोट वाढत्या अंगाचा घेतेसच की."

"कोट खांद्यात लाथ मारत नाही."

यावर तो टोपी सारखी करायला लागला, कारण लाथ त्याच्याच तीनशे आठने मारली होती. नाताळच्या सुट्टीत त्याने फर्नला ती एकदा उडवायला दिली. पोरगी दोन पावलं मागे गेली, हसली, "मस्त होती मामा" म्हणाली आणि सरळ लोकरीच्या गोदामात जाऊन रडली. खांद्यावर पिकलेल्या प्लमच्या रंगाचा डाग आठवडाभर होता. डाग गेला, पण एक गोष्ट राहिली. तेव्हापासून चाप ओढण्याआधी तिचे डोळे आपोआप मिटायचे. मी पाहिलं होतं. तिला वाटत होतं, कोणी पाहिलं नाही.

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पण पुढचं वर्ष नव्हतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे हरणांचे नर डुरकायला लागतात आणि माझे बाबा डोंगरातल्या झोपडीवर जातात. जन्मभर गेलेत. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं होतं की ही शेवटची खेप. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. आणि फर्नला आजोबांबरोबर जायचं होतं. झोपडीत बसून सॉसेज तळायला नाही. त्यांच्या शेजारी, रायफल घेऊन.

त्यासाठी बाबांची परीक्षा होती. शंभर पावलांवर दोरीला टांगलेल्या तीन बश्या, तीन गोळ्या. तिन्ही फुटल्या तर डोंगर, नाहीतर सॉसेज. कारण बाबांचा नियम एकच: जखमी जनावर मागे सोडायचं नाही, आणि ज्याचा नेम पक्का नाही त्याने ते पाप करायला डोंगरात यायचं नाही. लॅकी आणि मी याच परीक्षेतून गेलो. बश्या आईच्या लग्नातल्या. घरात कप पुष्कळ आहेत, बश्या मात्र आम्ही शिकलो त्यात संपल्या. लॅकी दोनदा नापास झाला होता. शेवटच्या तीन आईने फर्नसाठी कपाटात मागे सरकवून ठेवल्या होत्या.

आईचं नाव निघालंय तर हेही सांगते, पुढे लागणार आहे. आईबाबांचं लग्न झालं त्याच आठवड्यात बाबा एक रायफल घेऊन घरी आले. साडेसहा मिलिमीटरची, स्वीडनची, तेव्हाच म्हातारी. आईने ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी बघितली आणि म्हणाली, "अच्छा. म्हणजे मी थोरली आणि ही धाकटी. सवत आणलीत ती आणलीत, पण ती माझ्या स्वयंपाकघरात झोपणार नाही." तेव्हापासून ती रायफल धाकटी. अख्ख्या पंचक्रोशीत तिला दुसरं नाव नाही. थोरली जाऊन सहा वर्षं झाली. धाकटी आहे.

घरात आणखी एक धाकटी होती. बाबा फर्नलाही धाकटीच म्हणायचे, आणि हळूहळू मीही म्हणायला लागले. बाबांच्या मते यात गोंधळायचं काही कारण नव्हतं. एक धाकटी कुलपात असते आणि दुसरी कधीच जागेवर नसते.

तर, मी गणित मांडलं. गोळीचं वजन, दारूचं वजन, बंदुकीचं वजन. उत्तर निघालं दोनशे त्रेचाळीस. धक्का मवाळ, नेम सरळ, आणि शंभर ग्रेनची जड गोळी घातली तर हरणाला पुरेशी. याच रायफलीत सशासाठीची हलकी गोळीही चालते, पण ती हरणावर वरवर फुटते आणि जनावर जखमी पळतं. ती मी दुकानातल्या फळीवरूनही घरी येऊ देणार नव्हते.

इन्व्हरकार्गिलच्या दुकानात विक्रेत्याने पिसासारखी रायफल काढून फर्नच्या हातात दिली. "लहान मुलीला हलकी बरी."

"हलकी बंदूक उचलायला हलकी, सोसायला जड," मी म्हटलं. "काडतूस तेच, मग धक्का अंगावर घ्यायला बंदूक कमी आणि मुलगी जास्त. मला याच काडतुसाची जड रायफल दाखवा."

तो आमच्याबरोबर आलेल्या लॅकीकडे वळला. "या काय करतात?"

"दूध तपासते," लॅकी म्हणाला. "आता तुम्हाला तपासेल."

जड रायफल मिळाली, पण मोठ्या माणसाच्या मापाची. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता फर्नला लांब. ती मान पुढे काढून रायफलीवरच्या दुर्बिणीत बघायला लागली की कुंपणापलीकडचं गवत खाणाऱ्या मेंढीसारखी दिसायची. मला काळजी नव्हती. दस्ता कापायचा, कापलेला तुकडा जपून ठेवायचा, मुलगी वाढली की परत चिकटवायचा. लॅकीचं वाढतं अंगही सांभाळलं आणि विज्ञानही. मी फर्नला कोपरात हात दुमडायला लावला आणि कोपराच्या खाचेपासून बोटाच्या पेरापर्यंत मापलं. एकदा सदऱ्यावर आणि एकदा लोकरी कोट घालून, कारण जाड कोट अंगावर असला की दस्ता तेवढाच लांब भासतो. कोटासकट बारा इंच.

"आई, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय," फर्न म्हणाली.

"हात हलवू नकोस."

दस्ते कापायचे, दुरुस्त करायचे, ते क्लेमने. क्लेम बाबांचा शाळासोबती, नदीच्या वळणावर राहतो आणि लाकडाशी माणसांपेक्षा जास्त बोलतो. बाबांच्या रायफलीचा दस्ताही हंगामाआधी तेल द्यायला आणि मागचं रबर बदलायला त्याच्याकडे जायचाच होता. मी दोन्ही रायफली उघडल्या, नळ्या कुलपात ठेवल्या, दोन्ही दस्ते एका पोत्यात घातले आणि सोमवारी कामावर जाताना त्याच्या बाकावर ठेवून आले. तो घरी नव्हता. दुपारी प्रयोगशाळेतून फोन केला.

"क्लेम, दोन दस्ते ठेवलेत."

"दिसले."

"धाकटीचा बारा इंचांवर काप. दुसऱ्याला नुसतं तेल आणि रबर."

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला. मग, "धाकटीचा?"

"धाकटीचा."

"नक्की?"

"मी स्वतः मापलंय क्लेम. दोनदा."

"आर्चीला विचारलंस?" आर्ची म्हणजे बाबा.

"बाबांना काय विचारायचंय? ते म्हणालेत, सगळं तू ठरव."

"बरं बाई," क्लेम म्हणाला. "बारा इंच."

मी फोन ठेवला आणि पुढचा नमुना घेतला. हात स्वच्छ, मन स्वच्छ.

तुम्हाला कळलं असेल. मला गुरुवारी कळलं.

क्लेमने पोत्यातून पहिला दस्ता काढला. नवाकोरा, तेलाने चमकणारा, पुरा लांब. मग दुसरा काढला. अक्रोडाचं काळसर लाकूड, ज्या जागी बाबांचा गाल टेकून टेकून रंग उडालाय ती जागा, आणि त्यानंतर जिथे आणखी दीड इंच बाबा असायला हवे होते, तिथे काही नाही. नवीन रबर.

"क्लेम, हे काय केलंस?"

"धाकटी कापली."

"धाकटी म्हणजे फर्न."

"फर्नला कोण कापणार?" क्लेम म्हणाला. "धाकटी म्हणजे धाकटी."

मी बाकाच्या कडेला टेकले. आयुष्यात मी कधी एका बाटलीवर दोन अर्थांची चिठ्ठी लावली नाही. आणि इथे एक शब्द, एक फोन.

"चिकटव परत."

"चिकटवतो. पण जोड दिसणार."

"किती?"

"पांढऱ्या मेंढीला काळा पाय दिसेल इतका. आणि शनिवारी लगेच उडवलीस तर तुकडा एकीकडे आणि आर्ची एकीकडे. गोंदाला वेळ लागतो." तो चहाच्या कपात बघत होता. मला वाटलं, लाजेने बघत असेल. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, वयामुळे.

"बाबांना सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी? छे," क्लेम कपातच म्हणाला.

कापलेला तुकडा मी पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन धाकटीला तिचा आखूड दस्ता बसवला. परीक्षा शनिवारी होती. नवीन रायफलीचा दस्ता कापून घ्यायचं गडबडीत राहूनच गेलं. नवीन रायफल फर्नला लांब, जुनी बाबांना आखूड. आधी बाबांचं बघायला हवं होतं. आणि मग मला माझंच वाक्य आठवलं: जाड कोट घातला की दस्ता लांब भासतो. दीड इंच म्हणजे लोकरीचे किती थर, हा प्रश्न सोडवण्यासारखा होता.

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं.

"बाबा, गार आहे. हा घाला."

"आधीच एक घातलाय."

"वारं सुटणार आहे. हाही घाला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने हात वर केले. तिसऱ्या स्वेटरनंतर त्यांचे हात अंगाला लागेनात.

"ताई," लॅकी म्हणाला, "बाबांची लोकर काढायची आहे की वाढवायची?"

कुरणाच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. त्याच्यासमोर लॅकीने तिन्ही बश्या टांगल्या. बाबांनी धाकटी खांद्याला लावली. मी श्वास धरला.

"वा," बाबा म्हणाले. "छान बसतेय."

मी श्वास सोडला. लवकर सोडला. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एक स्वेटर काढला आणि परत रायफल लावली. "हं?" आणखी एक काढला. "अजब आहे. म्हातारपणी माणूस आखडतो म्हणतात. माझे हात वाढलेत वाटतं."

मी बांधाकडे बघत राहिले.

"आणि नवीचा दस्ता लांबच आहे. तो कापायचा होता ना, मोयरा?"

"क्लेमला वेळ झाला नाही," मी म्हटलं.

"असं. मग आज धाकटीने धाकटी उडवावी." त्यांनी रायफल फर्नच्या हातात दिली. तिने खांद्याला लावली. मान सरळ, गाल लाकडावर, डोळा दुर्बिणीमागे, जिथे असायला हवा तिथे. मापाची शिवून घेतल्यासारखी. मी स्वतः मापलं होतं, दोनदा.

"जड आहे," फर्न म्हणाली.

"म्हणून तर लाथ मारत नाही. तुझी आई सांगेल." बाबांनी खिशातून काडतुसं काढली. "ही मी परवा भरली. दारू कमी घातलीय. पहिली नुसती नेम बघायला. ती धरायची नाही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. स्वतःसाठी कमी दारूची काडतुसं कोण भरतं?

फर्न रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवून पालथी झोपली. कानांवर मोठाले संरक्षक, त्यामुळे ती आणखीच लहान दिसत होती. आवाज झाला. बश्या शांत. बांधाच्या पायथ्याशी धूळ उडाली. तिचे डोळे अजून मिटलेले.

बाबा कण्हत, गुडघ्यांना नावं ठेवत तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी स्वतः पुढचं काडतूस घातलं. फर्नने चाप ओढला. नुसतं टक् झालं. काडतूस रिकामं होतं. पण नळी खाली गचकली, आणि ती गचकताना आम्ही सगळ्यांनी बघितली. फर्ननेही.

तिचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं, आता मारणार."

"मारली का?"

"नाही."

"मीही पहिल्या वर्षी असाच गचकायचो. आणि माझा बाप रिकामं नव्हे, शिव्या घालायचा." बाबांनी परत काडतूस घातलं, हाताने झाकून. "आता भरलेलं आहे की रिकामं?"

"माहीत नाही."

"मग कशाला घाबरायचं ते आधी ठरवता येणार नाही. नुसती बशी बघ. बाकी बंदुकीचं बंदूक बघेल."

टक्. नळी जराशी हलली. परत टक्. नळी हलली नाही. फर्न हसली. पुढचा आवाज आला तेव्हा ती स्वतःच दचकली, गोळी सुटून गेल्यावर. डावीकडच्या बशीच्या जागी नुसती दोरी डोलत होती.

"दुखलं?" बाबांनी विचारलं.

"कशाने?" फर्न म्हणाली.

दुसरी बशी तशीच गेली. लॅकी कुंपणावर चढून बसला होता आणि नखं खात होता. तिसऱ्या वेळी फर्नने घाई केली. आवाज झाला, बशी नाहीशी झाली आणि लॅकीने टोपी उडवली. "पास झाली पोरगी! पहिल्या फटक्यात!"

मी हातातल्या दुर्बिणीतून बघत होते. बशी खाली गवतात पडली होती. सबंध. गोळी दोरीला लागली होती.

"तांत्रिकदृष्ट्या..." मी सुरुवात केली.

"ताई, तू गप्प बस."

पण फर्नने कानांवरचे संरक्षक काढले होते. तिलाही दिसलं होतं. "नाही लागली आजोबा. दोरी तुटली. मी घाई केली."

"म्हणजे नापास?" बाबांनी विचारलं.

"हो," फर्न म्हणाली.

बाबा गवतातल्या त्या बशीकडे बघत म्हणाले, "नेम शिकवता येतो. चुकलेली गोळी चुकली म्हणणं शिकवता येत नाही. असं म्हणणाऱ्या माणसामागे मी डोंगरात डोळे मिटून जाईन. लॅकी, टांग ती बशी परत. एक गोळी आणखी."

"बशी नको," फर्न म्हणाली. "आजीची शेवटची आहे."

म्हणून लॅकीने बिस्किटांच्या डब्याचं झाकण टांगलं. बशीपेक्षा लहान होतं. फर्नने या वेळी इतका वेळ घेतला की एक मेंढी येऊन आमच्याकडे बघून परत गेली. मग झाकणाला मधोमध भोक पडलं.

सगळे तिला मिठ्या मारत होते आणि मी उभी होते, पर्समध्ये दीड इंच अक्रोड घेऊन. बारा वर्षांच्या पोरीने एका दोरीची चूक आपणहून सांगितली होती. मी माझ्या बापाला स्वेटरवर स्वेटर घातले होते.

"बाबा, दस्ता मी कापला," मी म्हटलं. "म्हणजे माझ्यामुळे कापला गेला. मी क्लेमला धाकटीचा म्हणाले, मला ही धाकटी म्हणायचं होतं. तुमच्या हातांना काही झालेलं नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सोमवारीच क्लेमचा फोन आला होता. म्हणाला, तुझी मोयरा धाकटी कापायला सांगतेय, बारा इंच, शुद्धीवर आहे का? मी म्हटलं, काप."

लॅकी कुंपणावरून पडायचा बाकी राहिला. "बाबा, मी इतकी वर्षं मागतोय, मला कधी नुसती पुसायला दिली नाहीत."

"तू तिला वाढत्या अंगाची म्हणाला असतास." बाबांनी धाकटीच्या कापलेल्या टोकावर हात ठेवला. "कधीतरी फर्नला द्यायचीच होती. कापायला माझ्याने सांगवत नव्हतं. मोयरा, तू चुकून सांगितलंस, बरं झालं."

"मग पाच दिवस बोललात का नाही?" मी विचारलं.

"शाळेत गेल्यापासून तुझं काही चुकलं नव्हतं. म्हटलं, चुकल्यावर कशी दिसतेस ते मरण्याआधी एकदा बघून घ्यावं." त्यांनी उरलेला स्वेटर ओढून काढला. "फक्त ते स्वेटर माझ्या हिशोबात नव्हते."

पुढच्या आठवड्यात ते तिघं डोंगरावर गेले. धाकटी चढणीवर लॅकीने वाहिली, कारण ती जड होती, आणि जड का हवी यावर त्याने वाटभर मला शिव्या घातल्या असं फर्नने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून एक नर डुरकत बाहेर आला. फर्नच्या दुर्बिणीत तो नीट आला होता. तिने चाप ओढला नाही. त्याच्या मागे एक मादी उभी होती. मग दोघंही गेली. तिघं रिकाम्या हाताने परत आली आणि बाबा आठवडाभर ती गोष्ट भेटेल त्याला सांगत होते, जणू बारा शिंगांचा नर मारून आणलाय.

आणि माझी दोनशे त्रेचाळीस? ती बाबांकडे आहे. त्यांचा खांदा कित्येक वर्षं दुखत होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आता म्हणतात, काय मऊ आहे ही, कशी निवडलीस. गुडघ्यांनी राजीनामा मागे घेतलाय, येत्या एप्रिलमध्ये परत जाणार म्हणतात. तिचं नावही ठेवलंय: तिसरी. थोरली गेली, धाकटी नातीला दिली, म्हातारपणी ही तिसरी. चहा ते आईच्या उरलेल्या एका बशीतच पितात. म्हणजे माझं गणित अचूक होतं. फक्त खांदा दुसऱ्याचा निघाला.

परवा मी क्लेमला फोन केला. वर्षभरात फर्न चांगलीच उंच झाली आहे.

"क्लेम, धाकटी वाढली."

"कुठली? मुलगी की बंदूक?"

"मुलगी. बारा वर्षांची होती, आता तेरा. दोन पाय, लाल केस. ती वाढली, म्हणून बंदूकही वाढवायची. तुकडा माझ्याकडे आहे, मी स्वतः घेऊन येते."

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला.

"आर्चीला विचारलंस?" क्लेम म्हणाला.

विचारलं होतं. शेजारीच बसले होते, बशीतून चहा पीत. तेव्हा क्लेमचे हलत होते तसे त्यांचे खांदे हलत होते, आणि ते वयामुळे नाही, हे या वेळी मला कळलं.